एका नुक्त्याचा फरक

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. पण एखादी टीचर रजेवर असली की पहिलीच्या वर्गावर ऑफ तासाला जावे लागते. तिथे जीम, चे, हे, खे ही चार अक्षरे एकदम शिकवायची असतात, कारण चौघांचा आकार एकच. फरक काय तो नुक्त्याचा. पोटात एक नुक्ता असेल तर जीम, तीन असतील तर चे, एकही नसेल तर हे आणि डोक्यावर एक असेल तर खे. मुले कंटाळतात, नुक्ते विसरतात. मग आम्ही फळ्यावर ‘खुदा’ लिहितो, वरचा नुक्ता पुसून खाली देतो आणि विचारतो, “आता वाचा.” मुले वाचतात, ‘जुदा’. वर्ग एकदम शांत होतो. एवढ्याशा ठिपक्याने एवढा अनर्थ होऊ शकतो हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते.

आकाशातल्या ताऱ्यांचा प्रकाश वाचण्याचे जे शास्त्र आहे, तेही असेच नुक्त्यांचे शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात, मराठीत वर्णपटशास्त्र. वर्णपट म्हणजे प्रकाश फोडल्यावर मिळणारा रंगांचा पट्टा. उर्दूत त्याला ‘तैफ’ असा सुंदर शब्द आहे. तैफचा मूळ अर्थ आभास, डोळ्यांपुढे तरळून जाणारी आकृती. गंमत म्हणजे ‘स्पेक्ट्रम’ या लॅटिन शब्दाचाही मूळ अर्थ साधारण तोच. शब्दांची घरे वेगळी, पण त्या पट्ट्याकडे पाहून माणसाला वाटले ते एकच.

या तीन शब्दांनी आमचे एक वर्ष खाल्ले, ते इथेच सांगून टाकतो. आमची दहावी उर्दूतून झाली. तिथे तैफ पाठ होता. अकरावी सायन्सला लोकलने जावे लागे आणि तिथे सगळे इंग्रजीत. प्राध्यापक फळ्यावर स्पेक्ट्रम, डिस्पर्शन, रिफ्रॅक्शन लिहीत आणि आम्ही मागच्या बाकावर बसून विचार करीत असू की ही कोणती नवी दुनिया आहे. ती नवी नव्हती. नववी-दहावीत शिकलेलेच सगळे बुरखा बदलून समोर आले होते. पण ते सांगणारे कोणी नव्हते. एका शिक्षकांनी तर सर्वांसमक्ष सांगितले की उर्दू मीडियमच्या मुलींनी आर्ट्सला जावे, उगाच जागा अडवू नये. आमच्याबरोबर आलेल्या दोघी दिवाळीपर्यंत कॉलेज सोडून गेल्या. आम्ही टिकलो, बी.एस्सी. झालो, बी.एड. केले. त्या दोघी आमच्यापेक्षा हुशार होत्या, ही गोष्ट अजून सलते. म्हणून हा विषय आम्हाला केवळ आकाशाचा वाटत नाही.

सूर्यप्रकाश लोलकातून गेला की सात रंगांचा पट्टा पडतो, हे न्यूटनपासून सर्वांना माहीत आहे. १८१४ साली जर्मनीतल्या फ्राउनहोफर या काचकारागिराने तो पट्टा अधिक बारकाईने पाहिला, तेव्हा त्याला रंगांमध्ये शेकडो काळ्या रेघा आढळल्या. कोणी तरी रंगीत ओढणीतले धागे मधूनमधून उसवून घ्यावेत तशा. त्यांचा अर्थ कळायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १८५९ साली किर्खोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याचे आपले ठरलेले रंग असतात. ते तापले की तेवढेच रंग सोडते आणि मागून प्रखर प्रकाश आला तर तेवढेच रंग गिळते. आपल्या स्वयंपाकघरात याचा दाखला आहे. भाताचे खारे पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी दोन काळ्या रेघा आहेत. म्हणजे सूर्याच्या वातावरणातही सोडियम आहे. फ्रान्सचा तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत याने १८३५ साली लिहून ठेवले होते की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत त्याचे उत्तर हाती आले, तेही जमिनीवरून न हलता.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून चढून विजापूर, गुंटूर करीत पूर्व किनाऱ्याकडे गेली. सूर्यावर हा नवा वर्णपटदर्शक रोखण्याची ती पहिली मोठी संधी होती. ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या लाल ज्वाळा म्हणजे नक्की काय, हा प्रश्न होता. लंडनच्या रॉयल सोसायटीने उपकरणे पाठवली आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल ती घेऊन जमखंडीला बसले. जमखंडी त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते, आज कर्नाटकात आहे. हे हर्शेल म्हणजे युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. कॅप्टन हेग विजापुरात होते. आदिलशाहीचे, दख्खनी उर्दूचे विजापूर! ऑगस्टचा महिना, आभाळ ढगांनी भरलेले. दोघांनाही ढगांच्या फटींतून जेवढे मिळाले तेवढेच पाहता आले. हेग यांना दोन ठळक तेजस्वी पट्टे दिसले, एक गुलाबी आणि एक सोनेरी. हर्शेल यांना तीन रेघा दिसल्या, लाल, नारिंगी आणि निळी. रेघा तेजस्वी आहेत, म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत, हे ठरले.

पण नुक्त्याची गोष्ट पुढेच आहे. ती नारिंगी-पिवळी रेघ कोणाची? हर्शेल यांनी मोजून पाहिले. त्यांच्या उपकरणाची जेवढी कुवत होती, तेवढ्यात ती सोडियमच्या रेघेशी जुळली. त्यांनी तसेच नोंदवले आणि कुवतीचा उल्लेखही प्रामाणिकपणे केला. गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. या रेघा इतक्या ठळक आहेत की ग्रहण नसतानाही दिसतील, हे त्यांनी ताडले आणि दुसऱ्याच दिवशी पाहून दाखवले. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनीही ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय त्या रेघा पकडल्या. आता पाच मिनिटांची घाई नव्हती. सावकाश मोजल्यावर दिसले की ही पिवळी रेघ सोडियमच्या जोडरेघेवर बसत नाही, तिच्या शेजारी आहे. सोडियमच्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. असे एक-दीड अब्जांश सरकलेले ते टिंब पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याचे नव्हते. लॉकियर यांनी ते नवे मूलद्रव्य मानले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. कित्येक शास्त्रज्ञ हसले. १८९५ साली विल्यम रॅम्झे यांना पृथ्वीवरच्या एका युरेनियमयुक्त खनिजातून तोच वायू मिळाला, तीच रेघ दाखवणारा. सत्तावीस वर्षे माणूस ज्याला केवळ एका रेघेने ओळखत होता, ते मूलद्रव्य हाताशी आले.

कोकणातल्या वाचकांना इथे विजयदुर्ग आठवेल. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून लॉकियर यांनी १८६८ साली इथूनच हेलियम शोधला, असे सांगण्याची रीत आहे. अलीकडे १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. विद्यार्थ्यांनी जरूर जावे, पण सन नीट ठेवावे. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्गला आले १८९८च्या जानेवारीत, दुसऱ्या खग्रास ग्रहणासाठी. आम्ही हे कोणाचा हिरमोड करण्यासाठी सांगत नाही. ज्या शास्त्रात अब्जांशाचा फरक महत्त्वाचा, त्याच्या इतिहासात तीस वर्षांचा फरक सोडून कसा चालेल?

आणि १८९८च्या त्या ग्रहणात आपल्या अभिमानाची एक खरी गोष्ट आहे, ती मात्र फार कोणी सांगत नाही. २२ जानेवारीला सावली महाराष्ट्रावरून गेली. विजयदुर्गला लॉकियर, पुलगावला केंब्रिजचे न्यूअल, सोलापूरकडच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. त्याच जेऊरला पुण्याहून आलेली एक तुकडी होती आणि तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नेगमवाला. हे पारशी गृहस्थ मुंबईत भौतिकशास्त्र शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढेच घातले आणि त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात वेधशाळा उभी राहिली. आज त्या कॉलेजला सगळे सीओईपी म्हणून ओळखतात. वेधशाळेत पुढे वीस इंची आरशाची दुर्बीण आली. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवट रेघ दिसते. ती मॅग्नेशियमच्या धूसर पट्ट्याचा अवशेष आहे, असे लॉकियर यांचे मत होते. नेगमवालांना १८९१ साली पुण्यातून ती रेघ धूसर नव्हे, तर स्वच्छ, धारदार दिसली. ही नोंद लॉकियर यांच्या मताविरुद्ध जाणारी होती. ज्या माणसाचे नाव साऱ्या जगात गाजत होते, त्याच्या मताविरुद्ध पुण्यातल्या मास्तराने आपल्या डोळ्यांनी पाहिले ते लिहिले! ती रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे अमेरिकेच्या बोवेन यांनी १९२७ साली सिद्ध केले.

नेगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. एका माणसाच्या जिद्दीवर उभे राहिलेले काम त्या माणसाबरोबर मिटते, ही आपल्याकडची जुनी कहाणी. शाळा चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे सगळे आम्ही वर्गात सांगतो, पण सांगण्याने किती पोहोचते? म्हणून एका वर्षी नववीच्या मुलामुलींना घरातल्या जुन्या सीडी आणायला सांगितल्या. नातच्या, कव्वालीच्या, लग्नांच्या सीडींचा ढीग जमला. आता त्या ऐकायला कोणाकडे यंत्र नाही. चपलांच्या रिकाम्या खोक्यांना ब्लेडने एका बाजूला बारीक फट पाडली, आत तिरकी सीडी बसवली आणि वरून पाहायला भोक केले. सीडीवर अतिशय जवळजवळ कोरलेले खाचांचे वर्तुळाकार मार्ग असतात. ते लोलकासारखेच प्रकाश फोडतात. मोठ्या दुर्बिणींवरही लोलकाऐवजी बहुधा अशीच रेघा कोरलेली जाळी असते. “सूर्याकडे कोणी खोका धरायचा नाही,” अशी ताकीद दिली आणि एकेकाला खिडकीतले आभाळ, वर्गातला नवा एलईडी दिवा आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतला जुना सीएफएल दाखवला. आभाळाचा आणि एलईडीचा पट्टा सलग. सीएफएलमध्ये मात्र हिरवी, निळी, केशरी अशा सुट्या रेघा उमटल्या. हिरवी रेघ नळीतल्या पाऱ्याच्या वाफेची. पोरे ओरडली, “टीचर, इसमें तो लकीरें हैं!”

एक मुलगी खोका घेऊन बराच वेळ बसून राहिली. तिचे वडील दस्तुरी नाक्यावर पर्यटकांना माथेरानसाठी घोडा देतात. तिने फटीवर चिकटपट्टी लावून ती अर्धी केली, पाहिले, आणखी अर्धी केली, पुन्हा पाहिले. मग आमच्याकडे येऊन म्हणाली, “टीचर, फट बारीक केली की रेघ छान बारीक होते. पण मग अंधार होतो. दोन्ही एकदम का मिळत नाही?”

आम्ही तिला म्हणालो, “बेटा, जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी याच प्रश्नावर उभ्या आहेत.” आणि हे काही तिला खूश करायला म्हटले नव्हते. ते अक्षरशः खरे आहे.

चमचाभर तूप एका भाकरीवर लावले तर चव लागते. तेच दहा भाकऱ्यांवर पसरले तर कोणत्याच भाकरीला तूप लागल्याचे कळत नाही. ताऱ्याचा प्रकाश म्हणजे ते चमचाभर तूप. बारीक रेघा वेगळ्या दिसाव्यात म्हणून तो जितका पसरावा, तितका प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला कमी येतो. शास्त्रज्ञ याला विभेदनक्षमता म्हणतात. सोडियम आणि हेलियमच्या रेघा वेगळ्या ओळखायला ती चारशेच्या आसपास असली तरी पुरते. आजच्या उच्च विभेदनाच्या यंत्रांची ती एक लाख किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे पाचशे नॅनोमीटरच्या प्रकाशात ०.००५ नॅनोमीटरचा फरक ओळखायचा. एवढा पसारा मांडायचा तर तूप वाढवायला हवे, म्हणजे प्रकाश गोळा करणारे भांडे मोठे हवे. म्हणून आठ-दहा मीटरचे आरसे.

अशा एका दुर्बिणीत पुण्याचाही हिस्सा आहे. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ साली ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले, पण संस्था त्यांच्यामागे उभी आहे. नेगमवालांच्या वेधशाळेच्या नशिबी आले ते इथे झाले नाही. आयुकाची स्वतःची दोन मीटरची दुर्बीण जुन्नरकडे गिरवलीच्या डोंगरावर २००६ सालापासून आहे. शिवाय दक्षिण आफ्रिकेत सदरलँड येथे २००५ साली सुरू झालेल्या ‘सॉल्ट’ या विशाल दुर्बिणीत आयुका भागीदार आहे. तिचा आरसा षट्कोनी ९१ तुकड्यांचा, सर्व मिळून सुमारे अकरा मीटर रुंद. तिच्यावर उच्च विभेदनाचा वर्णपटलेखक बसवलेला आहे. तो निर्वात टाकीत बंद असतो. हवेचा दाब हलला, तापमान जरासे चढले, तर रेघा जागच्या सरकतील म्हणून.

आणखी एक प्रश्न मुले विचारतात. एवढा लांब पसरलेला पट्टा कॅमेऱ्याच्या छोट्या चौकोनात मावतो कसा? नेरळच्या मुलांना याचे उत्तर सोपे आहे. आदमजी पीरभॉय घराण्याच्या अब्दुल हुसेन यांनी बांधलेली आपली मिनी ट्रेन १९०७ सालापासून माथेरानला जाते. डोंगर जवळ दिसतो, पण रूळ वळणे घेत घेत वीस किलोमीटर फिरतात. लांबी घड्या घालून डोंगरात बसवली आहे. ‘एशेल’ नावाची जाळी वर्णपटाचे असेच तुकडे करते आणि एकाखाली एक ओळी मांडते. पुस्तकाच्या पानासारख्या. लाल रंगाची ओळ एका टोकाला, जांभळ्याची दुसऱ्या टोकाला आणि मध्ये हजारो काळे नुक्ते. ते पान वाचता आले की ताऱ्यात काय काय आहे, तो किती तापलेला आहे, स्वतःभोवती किती वेगाने फिरतो, हे सगळे कळते.

आपल्या देशातल्यांनीही हे पान वाचायला जगाला मदत केली आहे. मेघनाद साहा यांनी १९२० साली दाखवले की कोणत्या तापमानाला कोणती रेघ ठळक होते आणि कोणती मावळते, यामागे नियम आहे. तो हाती आल्यावरच सेसिलिया पेन यांना १९२५ साली तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत हे सांगता आले. वेणू बाप्पू यांचे वडील हैदराबादच्या निझामिया वेधशाळेत कामाला होते आणि हा मुलगा त्या दुर्बिणींच्या सावलीत वाढला. त्याने आणि ऑलिन विल्सन यांनी १९५७ साली दाखवले की ताऱ्याच्या वर्णपटातली कॅल्शियमची एक रेघ जितकी रुंद, तितका तो तारा मुळात जास्त तेजस्वी. रेघेची रुंदी मोजून दिव्याची ताकद सांगायची!

ग्रहांची गोष्ट तर याहून बारीक. नेरळ स्टेशनवर उभे असताना न थांबणारी एक्स्प्रेस भोंगा वाजवत येते. जवळ येताना आवाज चढा असतो, पुढे निघून गेली की एकदम उतरतो. प्रकाशाचेही तसेच. तारा आपल्याकडे सरकला तर त्याच्या रेघा निळ्याकडे, दूर गेला तर लालकडे सरकतात. ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल तर तो ताऱ्यालाही जरासा झुलवतो. ग्रह स्वतः दिसत नाही, पण रेघांचे हे झुलणे दिसू शकते. १९९५ साली मायोर आणि केलोझ यांना फ्रान्समधल्या वेधशाळेतून ५१ पेगासी हा तारा दर सव्वाचार दिवसांनी असा झुलताना दिसला, सेकंदाला सुमारे ५५ ते ६० मीटर वेगाने. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिला परग्रह. २०१९ साली त्यांना नोबेल मिळाले.

आपला गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने झुलवतो. आपली पृथ्वी फक्त नऊ सेंटिमीटरने. रांगणारे मूल याहून वेगाने जाते. सेकंदाला एक मीटरचा झोलही कॅमेऱ्यावर एका ठिपक्याच्या हजाराव्या भागाएवढा उमटतो. एका रेघेवरून तो कळणार नाही, म्हणून हजारो रेघा एकत्र मोजतात. राजस्थानात माउंट अबूला अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची दुर्बीण आहे. तिथल्या ‘पारस’ नावाच्या वर्णपटलेखकाने २०१८ साली सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याभोवतीच्या एका ग्रहाचे वजन केले. ते पृथ्वीच्या सत्तावीसपट भरले. दुर्बीण फक्त सव्वा मीटरच्या आसपासची होती. आता तिथेच अडीच मीटरच्या दुर्बिणीवर ‘पारस-२’ काम करतो. त्याची विभेदनक्षमता लाखावर आहे.

ग्रहाच्या हवेतले नुक्तेही आता वाचले जातात. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो आणि ती हवा आपल्या खुणा त्यावर उमटवते. चिलीतल्या आठ मीटरच्या दुर्बिणींवरचा ‘एस्प्रेसो’ हा वर्णपटलेखक वापरून २०२० साली शास्त्रज्ञांनी वास्प-७६बी या ग्रहाची दोन टोके वेगळी तपासली. दिवस संपून रात्र सुरू होते त्या कडेला लोखंडाच्या वाफेची खूण होती, पहाटेच्या कडेला नव्हती. म्हणजे रात्री लोखंड थिजून खाली पडत असावे, असा त्यांनी अर्थ लावला. लोखंडाचा पाऊस! आणि तो कळला काही रेघांच्या असण्या-नसण्यावरून.

आपल्या जलशांत तकरीर करताना आपले लोक आवर्जून सांगतात की ताऱ्यांची नावे अरबी आहेत. ते खरेच आहे. आपण जिला रोहिणी म्हणतो ती अल्देबरान, मूळ अद-दबरान, म्हणजे मागून येणारी, कृत्तिकांच्या पाठोपाठ उगवते म्हणून. श्रवण तो अल्टेर, मूळ अत-ताइर, उडणारा. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ९६४ साली ताऱ्यांची मोठी नोंद केली. इब्न अल-हैसम यांनी प्रकाश आणि दृष्टी यांचे शास्त्र लिहिले. कमालुद्दीन फारसी यांनी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून प्रकाश सोडून इंद्रधनुष्याचे कोडे सोडवले. हे ऐकून टाळ्या पडतात आणि लोक घरी जातात. आम्हाला त्यानंतरचा प्रश्न विचारायचा आहे. अद-दबरानचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे, तिचा तैफ वाचायला आपली किती मुले बसली? कमालुद्दीन यांच्याकडे काचेचा गोळा होता, आमच्या मुलांकडे सीडी आणि चपलांचा खोका. साधनांत फारसे अंतर नाही. अंतर पुढे पडते, दहावीनंतर.

त्या मुलीची दहावी झाली. विज्ञानात चांगले गुण पडले. वडील शाळेत दाखला न्यायला आले तेव्हा आम्ही विषय काढला. ते म्हणाले, “टीचर, पोरगी हुशार आहे, ते मला पण दिसतं. पण अकरावी सायन्स सगळं इंग्रजीत. रोजचं गाडीभाडं, ट्यूशन. पावसाळ्यात माथेरानला गिऱ्हाईक नसतं, घोड्याला चारा मात्र लागतोच. आणि एवढं करून तारे बघून काय मिळणार?”

आम्ही म्हणालो, “भाईजान, तिला ताऱ्यांचीच नोकरी करू द्या असं आम्ही म्हणत नाही. पण तिला जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. चाळीस मुलांत एकटीने फट अर्धी करून पाहिली. ही नजर आर्ट्सला गेली तरी वाया जाणार नाही, कबूल. पण ती भाषेच्या भीतीने तिकडे जाऊ नये. शब्दांचं आमच्यावर सोडा.”

ते बराच वेळ गप्प राहिले. घोडेवाला माणूस, बारीक गोष्टींचे मोल त्यालाही कळते. चढावर घोड्याने पाय कसा टाकला एवढ्यावरून नाल ढिली झाल्याचे तो ओळखतो. शेवटी म्हणाले, “एक वर्ष बघू.”

एक वर्ष. आम्हाला तेवढे पुरे आहे, कारण सगळे नुकसान त्या पहिल्या वर्षातच होते. आता ती आणि आणखी तिघी मगरिबनंतर आमच्याकडे येतात. एका लांब वहीत तीन रकाने आखले आहेत, उर्दू, मराठी, इंग्रजी. तैफ, वर्णपट, स्पेक्ट्रम. ओळीने शब्द भरत जातात. सहामाहीत चौघींपैकी एक नापास झाली, पण सोडून कोणी गेलेली नाही.

शेजारच्या वांगणीला मुंबईचे खगोल मंडळ अनेक वर्षे रात्रभर आकाशदर्शन भरवत आले आहे. शहरातली माणसे तिकीट काढून आमच्या अंगणापर्यंत तारे पाहायला येतात आणि आमचीच माणसे अंगणात येत नाहीत. आता इकडेही इमारती उठत आहेत, दिवे वाढत आहेत, आभाळ दरवर्षी थोडे फिके होते. पण वर्णपट वाचायला आपले आभाळ काळे असण्याची गरज नाही. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागायचा तर अर्ज करावा लागतो आणि अर्जात विचारतात ते एवढेच, तुमचा प्रश्न काय आहे? माध्यम कोणते, मोहल्ला कोणता, हा रकाना तिथे नाही.

वाचकांपैकी जे पालक आहेत, मशिदीच्या किंवा शाळेच्या कमिटीवर आहेत, त्यांना आमची एकच विनंती आहे. दहावी झालेल्या आपल्या मुलामुलींसाठी अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांपुरता तीन रकान्यांचा एक वर्ग भरवा. एक खोली, एक फळा आणि तिन्ही भाषा जाणणारे एक माणूस, एवढेच लागते. परवा त्या मुलीने वहीत ‘रिझोल्यूशन’ लिहिले, मराठी रकान्यात ‘विभेदन’ लिहिले आणि उर्दूच्या रकान्याशी अडून विचारले, “टीचर, इथे काय लिहू?” आम्ही म्हणालो, “शब्द उद्या पाहून सांगते. आज लिही, नुक्ता ओळखण्याची ताकद.”